गंगाथडीच्या मूर्ती : गेलेल्या आणि राहिलेल्या

गंगापूरहून अहिल्यानगरकडे निघालं की कायगावला गोदावरीचा पूल लागतो. पलीकडे टोका, म्हणजेच प्रवरासंगम. नावाप्रमाणे इथे प्रवरा येऊन गोदावरीला मिळते. या भागातली माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिच्या दोन्ही काठांच्या मुलखाला गंगाथडी. पुलावरून जाणाऱ्या बहुतेक गाड्या थांबत नाहीत. ज्या थांबतात, त्यांतल्या प्रवाशांना टोक्याला सिद्धेश्वराचं पेशवेकालीन मंदिर सापडतं. दगडी भिंतींवर देवदेवता आहेत, पुराणकथांतले प्रसंग आहेत. दार नाही, तिकीट नाही, काचेची पेटीही नाही. उन्हात उभं राहून हवा तितका वेळ शिल्पं पाहावीत.

१९४८ पर्यंत ही नदी दोन राज्यांची सीमा होती. उत्तरेला गंगापूर तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, दक्षिणेला नेवासे इंग्रजांच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात.  पुढे पैठणला जायकवाडी धरण झालं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी त्याची कोनशिला बसवली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. नाथसागर या त्याच्या जलाशयाचा फुगवटा कायगावापर्यंत आला, नदीकाठची गावं उठली, देवळांच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या. एवढ्या उलथापालथीतून ज्या मूर्ती वाचल्या, त्या कुणी सांभाळल्या आणि कुठे ठेवल्या, हा मराठवाड्यातल्या छोट्या संग्रहालयांचा इतिहास आहे.

या मुलखातल्या जवळपास प्रत्येक जुन्या गावात शिल्पांची एक जागा ठरलेली असते. मारुतीच्या देवळाबाहेर, वेशीशी किंवा लिंबाच्या पारावर चार-दोन घडीव दगड टेकवून ठेवलेले असतात. एखादी नाक तुटलेली देवी, देवळाच्या दारशाखेचा तुकडा, नागशिळा, आणि हमखास एक-दोन वीरगळ. खंडित मूर्तीची पूजा करायची नाही, तिला नदीत किंवा विहिरीत सोडायचं, असा रिवाज आहे. पण दगड जड, गाव हळवं, म्हणून पुष्कळ मूर्ती पाण्याऐवजी पारावर आल्या. कुणी त्यांना शेंदूर लावला. शेंदराचे थर चढत गेले आणि खालचं कोरीवकाम दिसेनासं झालं, पण त्याच थरांनी पुष्कळ दगड ऊन-पावसापासून वाचवलेही.

वीरगळ जरा जवळून पाहावा. उभ्या शिळेचे खालून वर तीन-चार कप्पे केलेले असतात. सगळ्यात खाली लढाई असते, कधी गाई पळवणाऱ्यांशी, कधी घोडेस्वारांशी, आणि तिथेच वीर आडवा पडलेला. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला दिसतो. त्याच्याही वर चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याची कीर्ती राहील. लेख बहुधा नसतोच. दगड वाचायचा तो तळापासून. शेजारी काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला एकच हात कोरलेला दगड असेल, तर तो सतीचा. वाड्यात, ताम्रपटात ज्यांचं नाव आलं नाही, अशा माणसांचा हा गावाने ठेवलेला दफ्तरखाना आहे.

गावाबाहेरची पांढरी हा या सगळ्याचा दुसरा साठा. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, अशी जुनी वाटणी आहे. शेकडो वर्षं घरं पडत आणि उभी राहत गेली की पांढऱ्या मातीची टेकाडं होतात. लोक ती माती घराला, शेताला उचलून नेतात. पावसाळ्यात ती धुपते आणि मणी, बांगड्यांचे तुकडे, मातीच्या चेहऱ्यांचे अर्धे भाग वर येतात. असं वर आलेलं पुष्कळ काही दूर गेलं.

प्रवरेच्या काठावर, संगमापासून वरच्या अंगाला श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणून काढताना चार ओतीव मूर्ती लागल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला एक रथ. चारही मूर्तींचं मिळून वजन ६० किलोंहून अधिक. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, त्यात उभा असलेला माणूस वीतभरही नाही, आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा. साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वी या नदीकाठावर ताम्र धातूची एवढी भरीव आणि डौलदार ओतकामं माणसांपाशी होती. आज ती पाहायची तर मुंबई-दिल्लीची वाट धरावी लागते.

दुसरं उदाहरण कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याचं. सह्याद्रीच्या सातमाळा रांगेतली ही लेणी इसवी सनापूर्वीची. तिथला एक खांब पैठणच्या गंधिक कुळातल्या, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापार करणाऱ्या घराण्यातल्या मित्रदेवाचं दान आहे, असं त्याच्यावरच्या लेखात म्हटलंय. १९५० च्या दशकात या लेण्यांतला मलबा काढला जात असताना एक यक्ष सापडला. बुटका, पोट सुटलेला, डोक्यावरचं पात्र दोन्ही हातांनी सावरणारा आणि चक्क दात दाखवून हसणारा. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कारागिराचं नाव आहे : कन्हदास, आणि त्याचा धंदा हिरण्यकार, म्हणजे सोनार. सोनाराने दगड कोरला आणि हक्काने सही केली. प्राचीन भारतीय शिल्पकाराचं नाव इतक्या सरळपणे हाती लागणं फार दुर्मीळ. हा यक्षही आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

या वस्तू तिथे नीट जपल्या गेल्या, देश-विदेशच्या अभ्यासकांना पाहता आल्या, हे खरंच. पण कन्नडच्या शाळेतल्या मुलाने कन्हदासाचं हसू कधी पाहिलेलं नसतं, आणि नेवाशाच्या मुलाला तो रथ पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरच ओळखावा लागतो.

वस्तू राजधानीकडे जाण्याची रीत जुनी होती. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे इंग्रजी मुलखात दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही जमिनीत सापडलं की कलेक्टराला कळवावं लागे. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी १९२० च्या सुमाराला त्यांनी इटलीहून कारागीर बोलावले. वेरूळ-अजिंठ्याची व्यवस्था लावण्यात या खात्याचा वाटा मोठा आहे. १९३० मध्ये हैदराबादच्या बागेत संस्थानाचं संग्रहालय सुरू झालं आणि मराठवाडा, तेलंगण, कर्नाटक या तिन्ही भागांतल्या वस्तूंना तिकडची वाट मिळाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. नकाशा बदलला, पण या विभागाला स्वतःचं संग्रहालय नव्हतं. जे काही जागेवर राहिलं, ते एकेका माणसाच्या ध्यासामुळे.

त्यांतला सगळ्यात मोठा माणूस तेरचा. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठचं तेर वारकऱ्यांना ठाऊक आहे ते संत गोरा कुंभारांचं गाव म्हणून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने समुद्री व्यापाराची टिपणं लिहिली, त्यांत दख्खनची दोन शहरं येतात. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीक दगड आणि तगरहून साधं कापड, मलमल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या अफाट मुलखातून भडोच बंदरात येत, असं तो लिहितो. हे तगर म्हणजे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवलं. त्याच सुमाराला हेन्री कझिन्स तिथे गेले आणि त्रिविक्रमाचं विटांचं, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार देऊळ त्यांनी अभ्यासकांपुढे आणलं. मुळात ते बौद्ध चैत्यगृह होतं, असं बहुतेक जण मानतात.

तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू गोळा करू लागले. पाऊस पडून गेला की टेकाडांवर जायचं, शेतकऱ्याने नांगरताना काढलेला तुकडा मागून घ्यायचा, घरी आणून ठेवायचा. असं वर्षानुवर्षं चाललं आणि संग्रह हजारोंच्या घरात गेला. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी तेरला उत्खनन केलं. १९६० मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी तेरवर पुस्तिका लिहिली. पुढे लामतुरेंचा संग्रह शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाचं संग्रहालय तेरला उभं राहिलं. गावकऱ्याचा संग्रह गावातच राहिला, ही त्यातली मोलाची गोष्ट.

हे संग्रहालय लहान आहे. दालनांत मणी, शंखाच्या बांगड्या, दिवे, नाणी, खापरं आहेत. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी दारशाखा आहे. आपल्या हवेत एवढं जुनं लाकूड टिकणं दुर्मीळ, म्हणून तिच्यापुढे मिनिटभर जास्त थांबावं. पण खरा वेळ द्यायला हवा तो केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या बोटभर-वीतभर आकृत्यांना. त्या दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही ओले असताना जोडायचे. आतून पोकळ राहिल्यामुळे आकृती हलकी होते आणि भट्टीत तडकत नाही. आकृती कडेने पाहिली तर कानामागून खांद्यापर्यंत जोडाची बारीक रेघ ओळखता येते. ही रीत भूमध्य समुद्राकडच्या कारागिरांची. तिकडून माल आला तसं तंत्रही आलं आणि तेरच्या कुंभारांनी त्यात आपल्या बायकांचे चेहरे, आपल्या वेण्या, आपले दागिने काढले. रोमन नाण्यांच्या नकला करून ओवण्यासाठी कडी ठेवलेली मातीची पदकंही या भागात सापडतात. परदेशी नाणं सोन्याचं परवडत नसेल, तर मातीचं गळ्यात घालावं, अशी हौस त्या काळातही होती.

तेरची सगळ्यात नावाजलेली वस्तू हस्तिदंताची आहे. उभी स्त्री, भारदस्त केशरचना, कानांत मोठी कुंडलं, गळ्यात हार, कमरेला मेखला, पायांत जाड वाळे. ती आरशाची किंवा तशाच एखाद्या वस्तूची मूठ असावी असं अभ्यासक मानतात. इतकी लहान वस्तू इतिहासाच्या मोठ्या प्रश्नाला कशी भिडते, हे समजून घ्यायला इटलीला जावं लागतं.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसचा स्फोट होऊन पॉम्पेई शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात अमेदेओ मायुरी यांना हस्तिदंताची भारतीय बाई सापडली. सुमारे २५ सेंटिमीटर उंच, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. तिला ‘लक्ष्मी’ म्हटलं गेलं आणि आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. सुरुवातीला ती मथुरेकडची मानली गेली. पण तशाच धाटणीच्या आकृत्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्यावर विचाराची दिशा दख्खनकडे वळली. ती इथल्याच कारागिरांच्या हातची असण्याची शक्यता आता गांभीर्याने मांडली जाते. बैठकीवर खरोष्ठीतलं एक अक्षर असल्यामुळे वायव्येचा धागाही सुटत नाही, म्हणून वाद पुरता मिटलेला नाही. तेरची आकृती मात्र जिथे सापडली त्याच गावात आहे. तेरला तिच्यासमोर उभं राहून खिडकीबाहेर बोट केलं, तर ते त्याच पांढरीकडे जातं. नेपल्सला हे जमत नाही.

भोकरदनच्या उत्खननाचं काम ज्यांच्या हातून झालं, त्यांतल्याच एकाने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दुसरं संग्रहालय उभं केलं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. तिथे इतिहास शिकवणारे डॉ. रमेश शंकर गुप्ते हे मूर्तिशास्त्राचे जाणकार. हिंदू, बौद्ध आणि जैन मूर्तींची लक्षणं सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक आजही विद्यार्थी वापरतात. त्यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये विद्यापीठाचं इतिहास वस्तुसंग्रहालय सुरू झालं. भोकरदनचं उत्खनन नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केलं, शां. भा. देव आणि गुप्ते यांनी ते चालवलं आणि १९७४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं, १९८१ पासून ते जालन्यात आहे. शिकवणारा माणूसच खणतो, जमवतो आणि मांडतो, हा या संग्रहालयाचा पाया.

पैठणला हीच गोष्ट बाळासाहेब पाटील यांच्या रूपाने घडली. सातवाहनांची राजधानी, संत एकनाथांचं गाव, पैठणीचं माहेर, असं हे नगर. तिथल्या जमिनीतून वर येणारं त्यांनी जमवलं आणि आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय पैठणला आहे. मणी पाहताना तो ग्रीक खलाशी आठवावा. तांबूस, अर्धपारदर्शक अकीकाचा मणी हातात धरण्याएवढाच असतो, पण भोक पाडायला एक-एक दाणा कारागिराचा पुष्कळ वेळ खातो. पैठणहून भडोचला गाड्या भरभरून जायच्या त्या याच दगडाच्या. नागघाटाजवळ १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात विटांची प्राचीन मंदिरं उजेडात आली आणि त्यावरचा ग्रंथ २०२० मध्ये प्रकाशित झाला.

छत्रपती संभाजीनगरात सोनेरी महालातही राज्य पुरातत्त्व खात्याचं प्रादेशिक संग्रहालय आहे. सतराव्या शतकात औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या बुंदेल्या सरदाराची ही वास्तू, मागे डोंगर आणि पुढे मोकळं आवार. वेरूळला जाणारे पर्यटक शहरात मुक्काम करतात, पण इथवर पोचणारे थोडे. वास्तविक वेरूळच्या आधी असं एखादं छोटं संग्रहालय पाहिलं तर फायदा होतो. कैलास लेण्यात शिल्पं उंचावर, अंधारात आणि गर्दीत असतात. संग्रहालयातली सुटी मूर्ती नजरेच्या पातळीवर येते. महिषासुरमर्दिनीच्या हातांतली आयुधं मोजता येतात, विष्णूच्या शंख-चक्रांचा क्रम पाहून तो केशव की त्रिविक्रम हे ठरवता येतं, छिन्नीचे घाव कुठे राहिले आणि कुठे घासून काढले तेही दिसतं.

सापडलेली वस्तू सापडल्या जागेजवळच, लोकांच्या नजरेसमोर मांडण्याचा प्रयोग महाराष्ट्रात कोल्हापूरने फार सुंदर साधला आहे. टाउन हॉलची इमारत चार्ल्स मँट यांनी एकोणिसाव्या शतकात बांधली. भोवती बाग, बागेत जुनी शिल्पं आणि तोफा, आत संग्रहालय. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती तिथेच ठेवली आहे. समुद्र घाटाखाली राहिला आणि त्याचा देव पंचगंगेच्या काठी आला. ब्रह्मपुरीपासून टाउन हॉल चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणून ही कहाणी कोल्हापूरकरांना घरची वाटते. संध्याकाळी फिरायला आलेली मंडळी त्याच दगडांच्या कडेने चालतात.

गंगापूर-पैठण-नेवासे या पट्ट्यात असं करायला काय हवं? पैसा लागतोच, पण सुरुवात नोंदींपासून होते. गावोगावच्या पारावरचे वीरगळ, सतीचे दगड, देवळांचे तुकडे यांची छायाचित्रं, मापं आणि जागा लिहून ठेवायला हव्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांची नोंदणी आणि निर्यातबंदी आणली. पण ज्या मूर्तीचा फोटोच कुठे नाही, ती चोरीला गेल्यावर पोलिसांना तरी ओळख कशी पटवायची? दगड थेट मातीत न टेकवता ओट्यावर घ्यावा, म्हणजे ओल चढत नाही. ऑइलपेंट आणि सिमेंट त्याच्याजवळ येऊ देऊ नये, कारण रंगाच्या थराखाली ओल कोंडते आणि बेसॉल्टचे पापुद्रे सुटतात. शेजारी मराठीत चार ओळींची पाटी लावावी : हा वीरगळ आहे, तळापासून वर वाचावा.

त्याच्या जोडीला दायमाबादच्या रथाची आणि पितळखोऱ्याच्या यक्षाची चांगली प्रतिकृती कायगाव-टोक्याच्या संगमावर किंवा तालुक्याच्या गावी मांडता येईल. साचे घेऊन प्रतिकृती करण्याचं तंत्र नवं नाही, तेरच्या कुंभारांनी ते दोन हजार वर्षांपूर्वी वापरलं. मूळ मूर्ती मुंबईत, दिल्लीत राहोत. इथल्या मुलांना त्यांचा आकार डोळ्यांनी मोजता यावा, कन्हदास सोनाराचं नाव अक्षरांवरून बोट फिरवत वाचता यावं, आणि पुलावरून जाणाऱ्या गाड्यांपैकी काहींना थांबायला आणखी एक कारण मिळावं.